हेमेझ डोंगरांचे जुने टोपो नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अल्बुकर्कीत राहतो आणि गेली काही वर्षं मला हेमेझ डोंगरांचे जुने नकाशे गोळा करायचा नाद लागलाय. इथली मराठी मंडळी आणि पुण्याचे ट्रेकवाले मित्र फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसे प्रश्न आठवले तसे.

हेमेझ म्हणजे नक्की कुठे? आणि तिथलेच नकाशे का?

न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात, सँटा फेच्या पश्चिमेला. स्पेलिंग बघून लोक जेमेझ म्हणतात पण इथे हेमेझ म्हणतात. साधारण साडेबारा लाख वर्षांपूर्वी इथे भलामोठा ज्वालामुखी फुटला आणि मधली जमीन आत बसली, त्या खड्ड्याला वायेस काल्डेरा म्हणतात, रुंदी वीसेक किलोमीटर. मध्ये रेडोन्डो नावाचा डोंगर, ११,२५४ फूट, आजूबाजूला लाव्हाचे छोटे घुमट, आणि त्यांच्या मधोमध मोकळी गवताची कुरणं. या कुरणांनाच इथे 'वाये' म्हणतात, सगळ्यात मोठं ते वाये ग्रांदे.

गंमत अशी की आपल्याकडे सह्याद्रीत वरचा सडा उघडा आणि दरीत झाडी, इथे नेमकं उलटं, तळाला नुसतं गवत आणि वर उतारावर जंगल. कारण रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते, तळाशी साचते, आणि झाडांची कोवळी रोपं गारठून जातात (कारणं अजूनही आहेत, पण हे मोठं).

मग या गवतावर मेंढरं आली, गुरं आली, उतारावर लाकूडतोडे आले, शेजारी लॉस अलामोस हे अणुबॉम्बवाल्यांचं गाव वसलं, आणि हेमेझ प्युब्लोसारख्या आदिवासी गावांचे लोक तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांच्या शीट्स एकाखाली एक ठेवल्या की हे सगळं दिसतं. म्हणून हेमेझ. आणि खरं सांगायचं तर घरापासून दीड तासावर आहे म्हणून.

गूगल मॅप असताना हे जुने नकाशे कशाला बघायचे?

गूगल आजचं दाखवतं. पन्नास वर्षांपूर्वी तिथे विहीर होती का, रस्ता कुठून जायचा, कुंपण कुठे होतं हे तो सांगणार नाही. टोपो म्हणजे समोच्च रेषांचा नकाशा, एकाच उंचीच्या जागा जोडणारी तपकिरी रेघ. रेघा दाटीवाटीने आल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. वाये ग्रांदेवर रेघ शोधावी लागते आणि तिच्या कडेच्या घुमटांवर रेघा कांद्याच्या चकतीसारख्या गोल गोल. शाळेत भूगोलाला वैतागलेल्या माणसालाही हे दोन मिनिटांत कळतं, माझ्या बायकोला कळलं, आणि आता तीच मला रस्ता सांगते.

मिळतात कुठे? पैसे पडतात का?

एक पैसा नाही. अमेरिकेत हे काम युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे करतं, यूएसजीएस. त्यांनी १८८४ ते २००६ मधले सगळे जुने छापील टोपो स्कॅन करून २०११ मध्ये लोकांसाठी खुले केले, १ लाख ७८ हजारांहून जास्त शीट्स आहेत. टोपोव्ह्यू नावाची त्यांची साइट आहे, तिथे नकाशावर जागा निवडायची आणि डाउनलोड करायचं. जिओपीडीएफ, जिओटिफ, जेपेग, केएमझेड असे पर्याय येतात. नुसतं बघायचं असेल तर जेपेग, दुसऱ्या नकाशावर चढवायचं असेल तर जिओटिफ. सरकारी काम असल्यामुळे कॉपीराइट नाही, छापा, वापरा, भिंतीला लावा, कुणी विचारणार नाही.

काही साइट्स हेच स्कॅन पैसे घेऊन विकतात. चांगल्या कागदावर छापून घरपोच देत असतील तर ठीक, नुसत्या फाइलचे पैसे मागत असतील तर देऊ नका.

एका जागेच्या दहा-दहा शीट्स दिसतात, कुठली उघडू?

आधी स्केल बघा. ढोबळ हिशोब असा की सगळ्यात जुन्या शीट्स ३० मिनिटांच्या, म्हणजे अर्धा अंश लांब अर्धा अंश रुंद, स्केल १:१,२५,०००. मग १५ मिनिटांच्या, १:६२,५००. आणि मग साडेसात मिनिटांच्या, १:२४,०००, सगळ्यात बारकाव्याच्या. पंधरा मिनिटांच्या एका शीटमध्ये साडेसातच्या चार बसतात, तीसच्या एकीत सोळा. साडेसातवाल्या शीट्सनी अलास्का-हवाई सोडून सगळा देश भरायला १९९२ उजाडलं, जवळपास ५५ हजार शीट्स झाल्या. त्यामुळे तुमच्या जागेची मोठ्या स्केलची शीट अगदी उशिराची असू शकते, तक्रार नको.

हेमेझसाठी माझी पद्धत अशी आहे की आधी १८९० ची तीस मिनिटांची शीट उघडायची (तिच्यावर नावाचं स्पेलिंगसुद्धा वेगळं, शेवटी झेडच्या जागी एस), डोक्यात मोठं चित्र बसवायचं, आणि मग साडेसातवाल्या, म्हणजे रेडोन्डो पीक, वाये टोलेडो, ब्लँड, हेमेझ स्प्रिंग्ज वगैरे. थेट साडेसातला हात घातला तर झाडं दिसतात जंगल दिसत नाही, आणि हे इथे अगदी शब्दशः.

कोपऱ्यात तीन-तीन वर्षं छापलीत, खरं कुठलं?

तिन्ही खरी, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. एक विमानातून फोटो काढले ते वर्ष. एक माणसाने जागेवर जाऊन तपासलं ते वर्ष. आणि एक छपाईचं. १९५३ ची शीट १९६७ ला परत छापली असेल तर कागदावर १९६७ दिसेल पण आतला माल १९५३ चाच. लोक छपाईचं वर्ष वाचून "बघा, ६७ साली इथे घर होतं" म्हणून मोकळे होतात. घर ५५ लाच पडलेलं असू शकतं. नकाशा उघडला की पहिली नजर खालच्या कोपऱ्यात गेली पाहिजे, मग डोंगराकडे.

जांभळ्या रंगात काहीतरी छापलंय, चूक आहे का?

चूक नाही, नंतरची भर आहे. साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकात नवीन हवाई फोटो बघून जे बदल दिसले ते जांभळ्यात छापले, बरेचदा जागेवर न जाता. जांभळा म्हणजे "फोटोत असं दिसतंय बुवा". तेवढाच भरवसा ठेवा.

१८९० च्या शीटवर जंगल दिसतच नाही. तेव्हा झाडं नव्हती का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आणि जवळपास प्रत्येक जण विचारतो.

झाडं होती. हिरवी शाई नव्हती. सुरुवातीच्या शीट्स तांब्याच्या पत्र्यावर कोरून तीन रंगांत छापायचे, माणसाने केलेलं सगळं काळं, पाणी निळं, उंची-खोली तपकिरी. जंगलासाठी रंग ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे रेडोन्डोचा गच्च झाडीचा उतार आणि वाये ग्रांदेचं मोकळं गवत दोन्ही कागदावर सारखेच पांढरे. एकाने ही जुनी शीट आणि नंतरची हिरवी शीट शेजारी शेजारी लावून "बघा न्यू मेक्सिकोत जंगल किती वाढलं" अशी पोस्ट टाकली होती, लाइक्स भरपूर, आणि वाढली होती ती शाई.

दुसरं म्हणजे त्या काळात सर्व्हेवाले घोड्या-खेचरांवरून प्लेन टेबल घेऊन फिरायचे. प्लेन टेबल म्हणजे तिपाईवरचा सपाट फळा, त्यावर कागद लावून समोरचा डोंगर बघत जागेवरच काढायचा. मोजके बिंदू नीट मोजलेले आणि मधल्या रेघा नजरेने ओढलेल्या. पश्चिमेकडच्या या शीट्सवर दोन रेघांमधलं अंतर बऱ्याचदा १०० फूट, म्हणजे ऐंशी फुटी कडा दोन रेघांच्या मध्ये गुपचूप बसू शकतो. हाताच्या मानाने काम अफाट आहे, काढणाऱ्याला माझा दंडवत, पण त्या रेघेवर भरवसा ठेवून कड्याच्या टोकाला जाऊ नका.

मग त्याआधीच्या काळातलं जंगल कळायला काही साधन?

आहे की. यूएसजीएस स्थापन झालं १८७९ मध्ये, त्याच्या आधी सैन्यातल्या लेफ्टनंट व्हीलरची सर्व्हे पार्टी या भागात फिरत होती. त्यांच्या नकाशांवर समोच्च रेषा नसतात, उतार बारीक बारीक फटकाऱ्यांनी दाखवतात, दिसायला फार सुंदर आणि उंची मोजायला जवळपास निरुपयोगी. पण त्यांनी काही शीट्स जमिनीच्या उपयोगाप्रमाणे रंगवल्या, शेतीची, लाकडाची, चराईची, ओसाड. म्हणजे सरकारला डोंगराच्या आकाराच्या आधी या जमिनीतून काय निघेल ते हवं होतं. आपल्याकडे इंग्रज आल्यावर पहिल्यांदा मोजणी कशाची झाली ते आठवा, साऱ्याची.

नंतरच्या शीटवरचा हिरवा रंग म्हणजे जंगल, हे तरी बरोबर ना?

अर्धं बरोबर. जुन्या नियमात हिरवा कुठे द्यायचा तर झाडी किंवा झुडूप निदान सहा फूट उंच असेल आणि सैनिकांना आडोसा मिळेल इतकी दाट असेल तिथे. वाचून मला हसूच आलं, पण नियम खरंच तसा होता. त्यामुळे दोनशे वर्षांचा पाँडेरोसा पाइन आणि सात फुटी खुरटं ओकचं झुडूप यांचा हिरवा एकच. झाड कुठल्या जातीचं, किती जाड, किती म्हातारं, नकाशाला त्याचं देणंघेणं नाही.

आणि दुसरी गोष्ट, आग. २००० च्या मे महिन्यात सेरो ग्रांदेची आग लागली, शेजारच्या बँडेलियर या राखीव जागेत मुद्दाम नियंत्रणात लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोसमधली शेकडो कुटुंबं बेघर झाली. मग २६ जून २०११ ला लास कोंचास, विजेच्या तारेवर झाड पडलं, आणि पहिल्या चौदा तासांतच ४० हजारांहून जास्त एकर गेले, म्हणजे सेकंदाला जवळपास एक एकर. एकूण दीड लाख एकरांच्या वर. त्यानंतर दोनच वर्षांनी थॉम्पसन रिजची. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या शीटवर जिथे गडद हिरवं आहे तिथे आज तुम्हाला काळे खुंट आणि नव्याने आलेलं झुडूप दिसेल, आणि सावली मिळेल म्हणून उन्हाळ्यात गेलात तर पस्तावाल.

इतकी मोठी आग का लागते याचा धागा परत मेंढरांपाशीच जातो. झाडांच्या खोडांवरच्या जळक्या खुणा मोजणाऱ्या संशोधकांनी दाखवलंय की इथे पूर्वी छोट्या छोट्या आगी दर काही वर्षांनी लागायच्या, जमिनीवरचं गवत जळायचं, मोठं झाड वाचायचं. १८८०-१९०० च्या सुमारास ते एकदम थांबलं. मेंढरांनी गवतच संपवलं, आग धावणार कशावरून? नंतर सरकारने आग दिसली की विझव हे धोरण धरलं, शंभर वर्षं रोपटी दाटत गेली, आणि मग एकदाच सगळं पेटलं. नकाशावर यातलं काहीही दिसत नाही, मेंढरू नकाशावर छापत नाहीत.

मध्ये तो मोठा सरळ रेघांचा चौकोन कसला? डोंगरात चौकोन कसा येईल?

शाब्बास, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो बाका लोकेशन नंबर १.

झालं असं की मेक्सिकोच्या राज्यात लुईस मारिया काबेझा दे बाका नावाच्या माणसाला लास वेगासजवळ (न्यू मेक्सिकोतलं, जुगारवालं नव्हे) मोठी जमीन मिळाली, तीच पुढे तिथल्या गावकऱ्यांनाही दिली गेली. अमेरिका आल्यावर एकाच जमिनीचे दोन मालक. १८६० मध्ये अमेरिकन काँग्रेसने तोड काढली की गावाने जमीन ठेवावी आणि बाकाच्या वारसांनी तेवढीच जमीन दुसरीकडे घ्यावी, जास्तीत जास्त पाच तुकड्यांत, तुकडे चौकोनी. त्यांनी पहिला निवडला तो हा, काल्डेराचं गवत पोटात घेणारा, ९९ हजार एकरांच्या थोडा वर, एकेक बाजू साधारण साडेबारा मैल. बाकीचे न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडोत विखुरलेत, नंबर ४ सान लुईस खोऱ्यात आहे, तोही नकाशावर असाच चौकोन दिसतो.

म्हणजे निसर्गाने गोल खड्डा केला आणि वॉशिंग्टनवाल्यांनी त्याच्यावर चौकोन ठेवला. दोन्ही एकमेकांत नीट बसत नाहीत आणि कोपऱ्यांवरची भांडणं अनेक वर्षं चालली. जमीन मग ओटेरो कुटुंबाकडे, मग एका कंपनीकडे, मग १९१८ पासून एस्पान्योलाच्या फ्रँक बाँडकडे, मग १९६३ मध्ये टेक्सासच्या पॅट डनिगनकडे. २००० मध्ये केंद्र सरकारने सुमारे १० कोटी डॉलर मोजून रँच विकत घेतली, ८९ हजार एकरांच्या आसपास, आणि २०१५ पासून नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते.

चौकोनाच्या बाहेर बघा, लाल आकडे छापलेले छोटे चौकोन दिसतील, एकेक चौरस मैलाचे, त्यांना सेक्शन म्हणतात, ३६ सेक्शनचा एक टाउनशिप. सरकारने सार्वजनिक जमीन अशी जाळी टाकून मोजली. जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन जमिनींवर ही जाळी टाकलेली नाही. त्यामुळे लाल जाळी जिथे अचानक थांबते तिथे जुना ग्रँट सुरू, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा नकाशा वाचता आला.

रँचची चिन्हं कशी ओळखायची?

काळा भरलेला छोटा चौकोन म्हणजे घर. 'कोराल' लिहिलेलं असेल तर गुरं कोंडायचा गोठा, पण छप्पर नसलेला, नुसता लाकडी कठडा. लाल तुटक रेघ बरेचदा कुंपण असते, तिला सरकारी हद्द समजू नका. 'विंडमिल' म्हणजे पाणी उपसायची पवनचक्की. एसपीआर अशी तीन अक्षरं म्हणजे झरा. काळी तुटक दुहेरी रेघ म्हणजे कच्चा रस्ता, एकेरी तुटक म्हणजे पायवाट.

कुणाची गुरं, किती, कुणी राखली हे मात्र कुठे नाही. बाँडच्या काळात मेंढरं 'पार्तिदो'वर दिलेली असायची, म्हणजे मालकाने कळप द्यायचा आणि राखणाऱ्याने वर्षाला ठरलेली कोकरं-लोकर परत करायची. आपल्याकडे शेळ्या वाट्याने देतात ना, त्याच जातीचा व्यवहार, आणि तोटा नेहमी राखणाऱ्याच्या गळ्यात हेही तसंच. त्या मेंढपाळांची नावं आणि तारखा अस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर कोरलेल्या सापडतात, काही अजून वाचता येतात. अस्पेन फार जगत नाही, त्यामुळे ती दरवर्षी कमी होतायत.

जिकडे तिकडे 'टँक' लिहिलंय. एवढ्या टाक्या डोंगरात कोण बांधणार?

टाकी नाही हो. इथे टँक म्हणजे गुरांसाठी मातीचा बांध घालून अडवलेलं तळं. काही तर पावसाळा सोडला की चिखलाचं डबकं. पाणी मिळेल म्हणून त्याच्या भरवशावर कधीही जाऊ नका, मी एकदा गेलो, तळाशी तडकलेली माती आणि एक गाईचं हाड.

बाय द वे, इंग्रजी 'टँक' शब्दाचं मूळ शोधताना डिक्शनऱ्या गुजराती-मराठीपर्यंत येतात, आपलं टाकं. किल्ल्यावरचं खडकात खोदलेलं टाकं आणि न्यू मेक्सिकोच्या नकाशावरचं टँक, शब्द एकाच घराण्यातले. हे कळल्यापासून मी इथल्या मित्रांना प्रत्येक ट्रेकला हे सांगतो आणि ते आता कंटाळलेत.

घुमटांभोवती जिलबीसारखे रस्ते आहेत, ते कुठे जातात?

कुठेच नाही. लाकूड ओढायचे रस्ते ते. बाँडला जमीन विकताना आधीच्या कंपनीने झाडांचा हक्क स्वतःकडेच ठेवला होता, म्हणजे जमीन एकाची आणि तिच्यावरची झाडं दुसऱ्याची. साठच्या दशकात यंत्रं घेऊन जोरात तोड सुरू झाली, डोंगराला वेढे घालत एकावर एक रस्ते काढले, सगळे मिळून हजार मैलांच्या घरात. डनिगन कोर्टात गेला आणि शेवटी सत्तरच्या दशकात झाडांचा हक्कही विकत घेतला तेव्हा ते थांबलं. सॅटेलाइट फोटोत हे वेढे आजही दिसतात, विशेषतः बर्फ पडल्यावर.

नकाशावर गाव आहे, जागेवर नाही. असं कसं?

ब्लँड म्हणत असाल. १८९० च्या दशकात सोन्या-चांदीच्या खाणींमुळे अरुंद दरीत उभं राहिलेलं गाव, नाव दिलं चांदीची बाजू घेणाऱ्या ब्लँड नावाच्या काँग्रेसमनचं. खाणी संपल्या, माणसं गेली, उरलेली घरं २०११ च्या आगीत बहुतेक जळाली. पण साडेसात मिनिटांच्या शीटचं नाव अजून ब्लँडच. गाव नाही आणि त्याच्या नावाची शीट आहे.

उलटंही आहे. १८९० च्या शीटवर लॉस अलामोस शोधू नका. १९१७ मध्ये तिथे मुलांची रँच शाळा निघाली, घोडेस्वारी आणि थंडीत व्हरांड्यात झोपणं वगैरे शिस्तीची. १९४३ ला सैन्याने ती घेतली आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे. युद्धात तिथल्या माणसांचा पत्ता म्हणजे सँटा फेची एक पोस्ट बॉक्स, नंबर १६६३, बास.

तिसरा प्रकार गिलमनच्या बोगद्यांचा. विसाच्या दशकात लाकूड आणायला रेल्वे टाकली, त्यासाठी खडक फोडून बोगदे काढले, १९४१ च्या पुराने रेल्वे बंद पाडली. आता त्याच बोगद्यांतून गाडीचा रस्ता जातो, फोटो काढायला गर्दी असते. रूळ कुठले कुठे जायचे ते मात्र जुन्या नकाशावरच शोधा.

मी जीपीएसमध्ये नकाशावरचे आकडे टाकले, पॉइंट २०० मीटर चुकीचा आला. नकाशा खोटा?

नकाशा खरा, सेटिंग खोटं. जुन्या शीट्स १९२७ च्या डेटमवर आहेत, नॅड २७. डेटम म्हणजे मोजायला सुरुवात कुठून आणि पृथ्वीचा आकार कुठला धरायचा त्याचा ठराव. फोन नव्या ठरावाने चालतो. न्यू मेक्सिकोत यूटीएमचे (जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या जाळीचे) आकडे तसेच टाकले तर उत्तर-दक्षिण साधारण २०० मीटरचा फरक पडतो, झरा तुम्ही कड्याच्या भलत्याच बाजूला शोधत बसता. ॲपमध्ये डेटम बदलायचं सेटिंग असतं, ते आधी नॅड २७ करा. यूटीएमचा झोन इथे १३.

आणि त्या नॅड २७ चा मूळ बिंदू कुठे आहे माहितीये? कॅन्सस राज्यात, मीड्स रँच नावाच्या रँचवर. अख्ख्या देशाच्या मोजणीचा खुंटा एका गुरांच्या कुरणात!

होकायंत्राचं काय? खाली बाणाची आकृती आहे ती?

तिचं वर्षसुद्धा बघा. चुंबकीय उत्तर सरकत असते. पन्नासच्या दशकातल्या शीट्सवर या भागात १२-१३ अंश पूर्व छापलेलं असतं, आता ८ च्या आसपास आलंय. जुना आकडा वापरलात तर दर किलोमीटरला सत्तर-ऐंशी मीटर बाजूला जाल.

दोन शीट जोडल्या तर रस्ता मध्येच तुटतो

कारण शेजारच्या दोन शीट वेगवेगळ्या वर्षांच्या. एकीवर रस्ता झालेला, दुसरीवर व्हायचाय. झाडीचा हिरवा रंगसुद्धा कडेला सुरीने कापल्यासारखा थांबतो. काही करता येत नाही. क्यूजीआयएस नावाच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कडा कापून जोडायच्या आणि दोन्ही वर्षं कुठेतरी लिहून ठेवायची.

नावं का बदललीत? काही तर वाचवत नाहीत

काही स्पेलिंगं सुधारली, काही स्पॅनिश नावं इंग्रजांच्या कानाने लिहिली गेली होती. आणि काही नावं खरंच अपमानाची होती, आदिवासी बायकांबद्दलचा एक शब्द तर देशभर शेकडो ठिकाणी नकाशावर होता, २०२२ मध्ये गृहखात्याने जवळपास ६५० ठिकाणची ती नावं एकदम बदलली. तेव्हाच्या मंत्री डेब हालंड याच न्यू मेक्सिकोतल्या, लागुना प्युब्लोच्या. (अमेरिकेचं गृहखातं पोलिसांचं नसतं, जमीन-जंगलांचं असतं.) जुन्या स्कॅनवर जुनं नाव तसंच राहतं, ते पुसत नाहीत.

एक नाव सांगतोच, काल्डेरातला हारामियो नावाचा ओढा. मराठी माणूस पहिल्यांदा ऐकून हसतो, हसून घ्या. पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी काही काळ उलटून सुलटं झालं होतं त्या घटनेला याच ओढ्याचं नाव आहे, कारण पुरावा देणारे दगड तिथले. समुद्राचा तळ पसरतो हे पटायला या घटनेचा फार मोठा उपयोग झाला.

जुन्या वाटेने आता जाता येईल का? आणि जमिनीच्या वादात हा नकाशा चालेल?

वाट छापलीय म्हणजे हक्क आहे असं नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये बऱ्याच जुन्या रस्त्यांना गेट आहेत, काल्डेराला स्वतःचे नियम आहेत, आणि प्युब्लोच्या जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, तिथल्या काही जागा त्यांच्यासाठी देवाच्या आहेत. जळलेल्या भागात वाऱ्याच्या दिवशी उभे खुंट पडतात, तिथे तर जाऊच नका.

वादाचं म्हणाल तर नाही. १:२४,००० च्या शीटला ठळक जागांसाठी सुमारे ४० फुटांची सूट असते, त्यावर कुणी बांध ठरवत नाही. मूळ सरकारी मोजणीचे प्लॅट, म्हणजे हद्दींचे नकाशे, वेगळे असतात, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर फुकट मिळतात. ते काढा आणि वकील गाठा.

आपल्याकडे सह्याद्रीचे असे जुने नकाशे मिळतात का?

सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनची संस्था, यूएसजीएसपेक्षा शंभरहून जास्त वर्षांनी थोरली. टोपोशीट आपल्याकडेही उत्तम, पुणे शहर ४७ एफ १४ वर येतं. फक्त आपल्याकडे फार वर्षं नकाशा म्हणजे गुपित असा कारभार होता. २००५ च्या धोरणाने लोकांसाठी वेगळी सिरीज काढली, २०२१ च्या फेब्रुवारीत नियम अजून सैल केले, सर्व्हेच्या साइटवर नाव नोंदवून पीडीएफ घेता येतात. पण सगळी जुनी वर्षं ओळीने मांडून ठेवलीत असं टोपोव्ह्यूसारखं काही नाही.

म्हणून आपले ट्रेकर वर्षानुवर्षं काय वापरतात, तर अमेरिकन सैन्याने पन्नासच्या दशकात काढलेली भारताची १:२,५०,००० ची सिरीज, यू ५०२. स्कॅन टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर. स्केल लहान आहे, खिंडी आणि जुनी गावं मात्र सापडतात, धरणाखाली गेलेली सुद्धा.

प्रिंट काढून भिंतीला लावायचीये, कशी काढू?

जिओपीडीएफ घ्या, मोठ्या कागदाच्या प्रिंटरवाल्याकडे जा आणि शंभर टक्के साइजवर काढायला सांगा. मूळ शीट साधारण २२ बाय २७ इंच असते. घरी आणल्यावर खालच्या स्केलपट्टीवर फूटपट्टी लावा, १:२४,००० च्या शीटवर एक मैल २.६४ इंच आला पाहिजे. कमी आला तर त्याने 'फिट टू पेज' तसंच ठेवलंय, परत जाऊन दुसरी मागा.